नऊ दिवसांत खेळाडूचा प्रशिक्षक: जेसन किडच्या पहिल्या मोसमाचा प्रकरण अभ्यास

3 जून 2013 रोजी जेसन किडने व्यावसायिक बास्केटबॉलमधून निवृत्ती जाहीर केली. 12 जूनला एनबीएतल्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधल्या, ब्रुकलिन नेट्सने त्याला मुख्य प्रशिक्षक नेमले. मधे फक्त नऊ दिवस. मुख्य प्रशिक्षकपद सोडाच, सहप्रशिक्षक म्हणूनही एकही सामना त्याच्या खात्यात नव्हता. शेवटचा सामना तो मे महिन्यात न्यूयॉर्क निक्सकडून खेळला होता. उन्हाळ्यात नेट्सने बोस्टनकडून पॉल पिअर्स आणि केव्हिन गार्नेट यांना आणले. या दोघांच्या बोस्टनला त्याच वर्षीच्या प्लेऑफच्या (साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांच्या) पहिल्या फेरीत किडच्याच निक्सने 4-2 असे हरवले होते. वसंतात प्रतिस्पर्धी असलेले खेळाडू हिवाळ्यात त्याच्या टाइमआउटमध्ये त्याच्याकडे बघत बसणार होते.

पुण्यातल्या वाचकापुढे हे प्रकरण मांडावेसे वाटते, कारण आपल्याकडे हेच दर वर्षी, लहान प्रमाणात घडते. विद्यापीठाकडून, राज्याकडून खेळलेला मुलगा किंवा मुलगी पंचविशी-तिशीत थांबते. ज्यांना रेल्वेत, सेनादलात किंवा एखाद्या बँकेत खेळाडू म्हणून नोकरी लागते ते आणखी काही वर्षे खेळतात. बाकीचे हिंजवडीची बस पकडतात. मग डेक्कनला, कॅम्पात किंवा निगडीला कुठल्या तरी क्लबाचे पदाधिकारी त्यांना गाठतात आणि म्हणतात, ‘तू पॉइंट गार्ड होतास, तुला सगळा खेळ कळतो. सोळा वर्षांखालचा संघ तूच घे.’ सेंटर, म्हणजे बास्केटजवळचा उंच खेळाडू, म्हणून खेळलेल्याला हे सहसा कुणी म्हणत नाही. चेंडू वर आणून खेळ उभा करणारा पॉइंट गार्ड म्हणजे मैदानावरचा प्रशिक्षक, असे आपण इतक्यांदा ऐकले आहे की पुढचा विचार होतच नाही.

किडचा पहिला मोसम नीट पाहिला तर तो विचार करावा लागतो. मला त्यात दोन गोष्टी वेगवेगळ्या दिसतात. एक म्हणजे पॉइंट गार्डचे ज्ञान: कुणाला चेंडू कुठे हवा असतो, कुणाच्या शेजारी कोण खुलतो. दुसरी म्हणजे पॉइंट गार्डची सवय: चेंडू माझ्या हातात असला पाहिजे. किडच्या यशात ज्ञान दिसते आणि अपयशात सवय.

खेळाडू म्हणून

किडचा जन्म 1973 सालचा, सॅन फ्रान्सिस्कोचा. तो वाढला शेजारच्या ओकलंडमध्ये. 1994 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) डॅलसने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतले आणि पहिल्याच मोसमात ग्रँट हिलबरोबर त्याला सर्वोत्तम नवोदिताचा मान विभागून मिळाला. डॅलसमधून फिनिक्स, फिनिक्समधून 2001 मध्ये न्यू जर्सी. तिथे जे झाले त्यावरून हा काय प्रतीचा गार्ड होता ते कळते. आदल्या मोसमात 26 सामने जिंकून 56 हरलेला संघ किड आल्यावर 52 जिंकून 30 हरला, आणि 2002 व 2003 अशी सलग दोन वर्षे अंतिम फेरीत गेला. दोन्ही वेळा हरला, पण त्याआधी त्या संघाला कुणी गंभीरपणे घेत नव्हते.

त्याच्या आकड्यांत मला महत्त्वाचा वाटतो तो असिस्टचा, म्हणजे ज्यावर सहकाऱ्याने बास्केट केले अशा पासचा: 12,091. निवृत्त झाला तेव्हा त्याच्या पुढे फक्त जॉन स्टॉकटन होता. शिवाय 107 ट्रिपल-डबल, म्हणजे एकाच सामन्यात गुण, रीबाउंड आणि असिस्ट या तिन्हींत दोन आकडी कामगिरी. तरुणपणी त्याची नेमबाजी कच्ची होती, सगळ्या लीगला ते माहीत होते. तरी निवृत्तीच्या वेळी तीन गुणांच्या बास्केटांत तो इतिहासात तिसऱ्या क्रमांकावर होता, 1,988 बास्केट घेऊन. पाय मंदावले तसा त्याने हात घडवला. आपल्याकडे विशीतला मुलगा ‘माझा शॉट जन्मजात नाही’ असे सांगतो, तेव्हा मी हा आकडा पुढे ठेवतो.

2008 मध्ये तो डॅलसला परतला. पुढच्या मोसमात तिथे रिक कार्लाइल प्रशिक्षक म्हणून आले. ते बारकाईने आखणी करणारे. सुरुवातीला प्रत्येक प्ले, म्हणजे आखलेली चाल, बाजूवरून सांगायचे. मग त्यांच्या लक्षात आले की किडला हे सगळे त्यांच्याआधी दिसते आहे, आणि त्यांनी प्ले ठरवण्याचे काम त्याच्यावर सोपवले. 2011 मध्ये डॅलसने मायामीला 4-2 असे हरवून विजेतेपद मिळवले, तेव्हा किड 38 वर्षांचा होता. कार्लाइल यांचा हा निर्णय मला या संपूर्ण प्रकरणाची किल्ली वाटतो. एका प्रशिक्षकाने हातातली दोरी सैल सोडली म्हणून किडला शेवटी ती ट्रॉफी मिळाली. दोन वर्षांनी दोरी त्याच्या हातात आली, तेव्हा ती सैल कशी सोडायची हे त्याला येत होते का?

पहिले दोन महिने

नेट्सची परिस्थिती सोपी नव्हती. संघ नुकताच न्यू जर्सीतून ब्रुकलिनला आला होता, मालक मिखाईल प्रोखोरोव यांना विजेतेपद लगेच हवे होते, पगारांचा आणि पगारमर्यादा ओलांडल्याबद्दल लीगला द्यायच्या कराचा बोजा विक्रमी होता. त्यात खेळाडू नावाजलेले पण वयस्क. किडला मोसमाचे पहिले दोन सामने निलंबनामुळे बाहेर बसावे लागले, कारण आदल्या वर्षीचे दारू पिऊन गाडी चालवल्याचे प्रकरण. त्या सामन्यांत सहप्रशिक्षक जो प्रंटी यांनी संघ सांभाळला.

अनुभव नाही हे किडला ठाऊक होते, म्हणून त्याने एक शहाणपणाचे पाऊल उचलले. न्यू जर्सीत ज्यांच्या हाताखाली तो खेळला होता त्या लॉरेन्स फ्रँक यांनाच त्याने मुख्य सहप्रशिक्षक म्हणून आणले. कागदावर याहून चांगली जोडी सुचत नाही: खेळ दिसणारा गार्ड आणि त्याच्या शेजारी अनुभवी प्रशिक्षक. पण फ्रँक यांना संघ चालवायची सवय होती आणि किडला चेंडू हातात ठेवायची. डिसेंबरच्या सुरुवातीलाच किडने त्यांना बेंचवरून हटवले आणि रोजचे अहवाल लिहायला बसवले. दोन्ही बाजूंचे काय खरे, काय खोटे यात मी शिरत नाही. दिसते ते एवढेच की सहा महिन्यांपूर्वी स्वतः मागून घेतलेला मदतनीस त्याला डिसेंबरच्या पुढे निभावता आला नाही.

त्याच्या आदल्या आठवड्यातला प्रसंग जास्त गाजला. 27 नोव्हेंबर 2013, बार्कलेज सेंटर, समोर लॉस एंजेलिस लेकर्स. घड्याळात 8.3 सेकंद, नेट्स मागे, आणि टाइमआउट एकही शिल्लक नाही. किड हातात पेयाचा पेला घेऊन बाजूला उभा होता. बदली होऊन येणारा टायशॉन टेलर त्याला घासून गेला आणि पेला कोर्टावर सांडला. फरशी पुसेपर्यंत खेळ थांबला. तेवढ्यात नेट्सच्या बेंचने शेवटचा प्ले ठरवून घेतला. पिअर्सचा तीन गुणांचा प्रयत्न चुकला आणि नेट्स 94-99 असे हरले. हात घामेजले होते, पेला निसटला, असे किडने सांगितले. चित्रफितीत मात्र टेलर जवळ येताना ‘मला धडक’ असे त्याचे ओठ म्हणताना दिसत होते. लीगने 50,000 डॉलरचा दंड ठोठावला.

हा किस्सा लोक चातुर्य म्हणून सांगतात. मला तो पॉइंट गार्डच्या मनाचा नमुना वाटतो. फेब्रुवारी 2010 मध्ये डॅलसकडून अटलांटाविरुद्ध खेळताना त्याने पाहिले की समोरचे प्रशिक्षक माइक वूडसन रेषेच्या आत उभे आहेत. तो चेंडू घेऊन मुद्दाम त्यांच्या अंगावर गेला आणि वूडसन यांना टेक्निकल फाउल लागला. (पुढे 2012-13 मध्ये निक्समध्ये हेच वूडसन त्याचे प्रशिक्षक झाले.) खेळाडू म्हणून ती हुशारी होती: नियम ठाऊक, क्षण ओळखला, एक फ्री थ्रो मिळवला. प्रशिक्षक म्हणून पेला सांडला तेव्हाही त्याने त्या क्षणातली फट शोधली. पण प्रशिक्षकाचे खरे काम त्या क्षणाच्या बरेच आधीचे होते. शेवटच्या आठ सेकंदांसाठी एक टाइमआउट राखून ठेवणे हे ते काम.

आपल्या मैदानांवर हा मुद्दा आणखी टोकदार होतो. एनबीएत मैदानावरचा खेळाडूही टाइमआउट घेऊ शकतो. आपण खेळतो त्या फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांत टाइमआउट फक्त मुख्य प्रशिक्षक किंवा पहिला सहप्रशिक्षक मागू शकतो. पहिल्या दोन क्वार्टरमध्ये मिळून 2, पुढच्या दोनमध्ये मिळून 3, प्रत्येकी एक मिनिट. म्हणजे बालेवाडीत राज्य स्पर्धा खेळून मोठा झालेला गार्ड कितीही हुशार असला तरी टाइमआउट खर्च करण्याचा निर्णय त्याने आयुष्यात एकदाही घेतलेला नसतो. प्रशिक्षक होतो त्या दिवशी ही तिजोरी प्रथमच त्याच्या हातात येते, आणि पहिल्या चुकीच्या पासला तो ती उघडतो.

जानेवारीपासून पुढे

वर्ष संपले तेव्हा नेट्सचे खाते 10 विजय आणि 21 पराभव असे होते. ब्रुकलिनच्या वर्तमानपत्रांत किडच्या हकालपट्टीची चर्चा होती. त्यातच 20 डिसेंबरला सेंटर ब्रूक लोपेझचे पाऊल मोडले आणि तो उरलेल्या मोसमाला मुकला. संघातला सर्वांत भरवशाचा मोठा माणूस गेला.

इथे किडमधला गार्ड कामाला आला. त्याने लोपेझसारखा दुसरा उंच खेळाडू शोधत बसण्याऐवजी उरलेल्यांची मांडणीच बदलली. गार्नेट सेंटरला गेला. आयुष्यभर बाजूवर खेळलेला पिअर्स आत, पॉवर फॉरवर्डच्या जागी आला. डेरॉन विल्यम्सच्या जोडीला शॉन लिव्हिंग्स्टन आला. हा 6 फूट 7 इंच उंचीचा पॉइंट गार्ड. 2007 मध्ये त्याचा गुडघा असा निखळला होता की पाय वाचतो की नाही अशी वेळ आली होती. अशा मांडणीत बचावाला लांब हातांचे, जवळपास सारख्या उंचीचे खेळाडू झाले. समोरच्याने स्क्रीन लावली (वाटेत उभे राहून बचावपटूला अडवले) की आपापले प्रतिस्पर्धी बदलून घ्यायचे आणि पाठलाग टाळायचा, हे आता जमू लागले. पिअर्सला मागे राहणाऱ्या जड फॉरवर्डला बाहेर ओढता आले. हळू झालेल्या संघाचा हळूपणा कमी उघडा पडला.

2 जानेवारीला ओक्लाहोमा सिटीत जो जॉन्सनने अखेरच्या क्षणी बास्केट करून सामना 95-93 असा जिंकून दिला आणि तिथून गाडी फिरली. जानेवारीत किड पूर्व विभागाचा महिन्याचा सर्वोत्तम प्रशिक्षक ठरला. नव्या वर्षात 34 विजय, 17 पराभव, एकूण 44-38. प्लेऑफमध्ये टोरोंटोला सातव्या सामन्यात 104-103 असे हरवले, शेवटचा फटका पिअर्सने अडवला. पुढच्या फेरीत मायामीकडून 1-4 हार. गंमत अशी की साखळीत त्याच मायामीला नेट्सने चारही सामन्यांत हरवले होते.

ही मांडणी किडने वहीत आधी आखून ठेवलेली नव्हती. दुखापतीने ती त्याच्यावर आली. पण ती दिसायला एक विशिष्ट नजर लागते, आणि ती नजर 12,091 वेळा दुसऱ्याला योग्य जागी चेंडू दिल्यामुळे तयार होते. हा मोसम चार-पाच सामन्यांत फिरलेला नाही. 51 सामने तो टिकला. म्हणून याला मी नशीब म्हणणार नाही.

मोसम संपला आणि सवय पुन्हा वर आली. किडने संघाच्या सगळ्या बास्केटबॉल कारभाराचे अधिकार मागितले. नेट्सने नकार दिला आणि 1 जुलै 2014 ला दुसऱ्या फेरीच्या दोन ड्राफ्ट निवडींच्या बदल्यात त्याला मिलवॉकीला जाऊ दिले. वर्षभराचे काम, पदरात पडलेली चांगली मांडणी, सगळे मागे राहिले.

मिलवॉकीत तेच दोन धागे दिसतात, म्हणून थोडक्यात. 15-67 वर कोसळलेला संघ त्याच्या पहिल्या मोसमात 41-41 वर आला. 2016 मध्ये त्याने 6 फूट 11 इंचाच्या यानिस आंतेतोकुनपोच्या हातात चेंडू देऊन त्याला पॉइंट गार्ड केले. उंच मुलाला बास्केटखाली उभे करण्याची आपली खोड ज्यांना आहे त्यांनी हा निर्णय पुन्हा पुन्हा पाहावा. पण त्याचा आक्रमक, दोघांनी घेरणारा बचाव लीगने ओळखला, कोपऱ्यातून तीन गुणांचे फटके बसू लागले, आणि किड तोच बचाव धरून राहिला. 22 जानेवारी 2018 ला 23-22 अशा स्थितीत त्याला काढण्यात आले. त्याच्या जागी हंगामी म्हणून आले ते तेच जो प्रंटी.

यानंतर त्याने जे केले ते मला सर्वांत मोलाचे वाटते. हॉल ऑफ फेममध्ये गेलेला, दोन संघांचा मुख्य प्रशिक्षक राहिलेला माणूस 2019 मध्ये लेकर्समध्ये फ्रँक वोगेल यांचा सहप्रशिक्षक झाला. म्हणजे जिथून सुरुवात व्हायला हवी होती तिथे तो सहा वर्षांनी जाऊन बसला. 2020 मध्ये लेकर्स विजेते झाले. 2021 मध्ये कार्लाइल डॅलस सोडून गेले आणि त्यांच्याच खुर्चीवर किड आला. पहिल्याच मोसमात 52-30 आणि पश्चिम विभागाची अंतिम फेरी. 2024 मध्ये लुका डॉनचिच आणि कायरी अर्व्हिंग यांच्यासह एनबीएची अंतिम फेरी, जिथे बोस्टनने 4-1 असे हरवले. डॉनचिचसारखा चेंडू हातात ठेवणारा खेळाडू संघात असताना किडला बाजूवरून प्रत्येक प्ले सांगता आलाच नसता.

किड अपवाद होता असे कुणी म्हणेल, म्हणून एक तुलना. 2014 च्या जूनमध्ये, बरोबर एका वर्षाने, त्याच शहरात निक्सने डेरेक फिशरला खेळाडूपदावरून थेट प्रशिक्षकपदावर नेले. तोही पॉइंट गार्ड, शिवाय पाच विजेतेपदे मिळवलेला. निक्स त्या मोसमात 17 जिंकले, 65 हरले. फेब्रुवारी 2016 मध्ये फिशर गेला. निक्सचा संघ कमकुवत होता हे खरे, पण सहप्रशिक्षकाचा एकही मोसम न घालवता आलेल्या माणसाला कमकुवत संघ देणे हीच तर चूक.

आपल्या कोर्टावर

गेल्या उन्हाळी शिबिरानंतर आमच्या क्लबात एका माजी गार्डकडे मुलांचा सोळा वर्षांखालचा संघ आला. विद्यापीठाकडून आणि राज्याकडून खेळलेला, मुले त्याला दादा म्हणतात. त्याचा पहिला सराव सामना मी कोर्टाच्या दुसऱ्या बाजूने पाहिला. तो सतत बोलत होता. ‘डावीकडे जा! स्क्रीन घे! आता पास!’ आणि त्याचे सगळे बरोबर होते, एकही सूचना चुकीची नव्हती. पण त्याचा चौदा वर्षांचा गार्ड प्रत्येक ड्रिबलनंतर बेंचकडे बघत होता, आणि प्रत्येक आक्रमणाला मिळणाऱ्या 24 सेकंदांतले कितीतरी त्यात जात होते.

सामन्यानंतर तो म्हणाला, ‘सर, मला आधी दिसतं हो. गप्प कसा बसू?’

मी म्हटले, ‘तुला दिसतं, हे त्यांनाही माहीत आहे. म्हणून ते बघायचं सोडून तुझ्याकडे बघतायत.’

त्याला वाईट वाटले असावे, पण तो ऐकणारा मुलगा. त्याने दुसऱ्या सरावाला वेगळेच काहीतरी आणले. तो म्हणाला, ‘सर, आपल्या गार्डला दबावाखाली चेंडू वर आणता येत नाही, आणि तो जो बाजूवरचा लांब मुलगा आहे ना, त्याची मान कायम वर असते. त्याला आणू दे चेंडू. गार्डला कोपऱ्यात ठेवू, त्याचा शॉट चांगला आहे.’ हे मला महिनाभर त्या मुलांना पाहूनही सुचले नव्हते. त्याला दोन सरावांत दिसले. हीच ती किडची जानेवारी. ही नजर त्याला शिकवावी लागली नाही; त्याला थांबवावे लागले ते ओरडण्यापासून.

त्यानंतर त्याच्यासाठी आम्ही दोनच गोष्टी ठरवल्या. सराव सामन्यात एक संपूर्ण क्वार्टर त्याने बोलायचे नाही, फक्त बदल्या करायच्या. आणि टाइमआउटच्या मिनिटातला पहिला अर्धा भाग मुलांचा: काय दिसले ते त्यांनी सांगायचे, मग त्याने फळा घ्यायचा. सुरुवातीला मुले एकमेकांकडे बघत गप्प राहिली. नंतर त्या लांब मुलाने सांगितले की समोरचा सेंटर दमला आहे, तो परत बचावाला येत नाही. दादालाही ते दिसले होते. फरक असा की यावेळी पुढच्या तीन ताब्यांत मुलांनी स्वतःहून फास्ट ब्रेक, म्हणजे बचाव जमायच्या आत झटपट हल्ला, केला.

क्लबांच्या पदाधिकाऱ्यांशी यावर बोललो की एकच प्रश्न येतो: दोन प्रशिक्षकांचे मानधन कुठून आणायचे? प्रश्न खरा आहे. बहुतेक क्लब शिबिरांच्या फीवर चालतात, पावसाळ्यात सिमेंटची उघडी कोर्टे ओली झाली की तीही आटते. पण निवृत्त गार्डला पहिल्या वर्षी पूर्ण मानधनाची अपेक्षा नसते, त्याला नोकरी असते. त्याला हवे असते ते कोर्टावर येण्याचे कारण. त्याला वर्षभर एखाद्या अनुभवी प्रशिक्षकाच्या शेजारी पहिला सहप्रशिक्षक म्हणून नोंदवा. फिबाच्या नियमाने टाइमआउट मागण्याचा अधिकार त्यालाही असतो, तेव्हा एक क्वार्टर पूर्णपणे त्याच्या हवाली करता येते. ज्याला हे काम पुढे न्यायचे आहे त्याच्यासाठी पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा पदविका अभ्यासक्रम आहे; त्यासाठी नोकरीतून रजा काढणे अवघड, हेही मला दिसते. पण शेजारी बसण्याला रजा लागत नाही. संध्याकाळी साडेपाचला कोर्टावर यायचे, आणि त्या अनुभवी माणसाने एखादी बदली का केली ते सामना संपल्यावर त्यालाच विचारायचे.